भिंतीत साठवलेले ऊन

डिसेंबरात शाळा भरण्याआधी मुले कुठे उभी असतात, हे आपण पाहिले असेल. मैदानाच्या मधोमध नव्हे, तर ऊन पडलेल्या भिंतीला पाठ टेकवून. तिथे वारा लागत नाही आणि भिंतही थोडी तापलेली असते. त्याच शाळेच्या पश्चिमेकडच्या भिंतीला दिवेलागणीला हात लावून पाहा. सूर्य मावळून अर्धा तास झालेला असतो, हवा गार झालेली असते, पण भिंत अजून कोमट लागते. एवढ्याच गोष्टीच्या आधारावर लडाखमध्ये काही घरे हिवाळा काढतात. ती कशी, आणि सगळीच घरे तशी का नाहीत, हे या लेखात पाहू.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. वर्षभराचा पाऊस आणि बर्फ मिळून साधारण १०० मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या चांगल्या पावसाळी दिवसाइतका. हिवाळ्यात रात्रीचे तापमान उणे २० अंशांपर्यंत उतरते. जंगल नाही, ओढ्याच्या काठी लावलेली सफेदा आणि विलो ही झाडे तेवढी. त्यामुळे पूर्वीपासून चुलीत जाते ते शेण. पण शेतालाही तेच शेण हवे असते. जेवढे जाळावे तेवढे खत कमी. म्हणून जुन्या घरांत जनावरे तळमजल्यावर, आणि हिवाळ्यात सारे कुटुंब एका स्वयंपाकघरात, अशी व्यवस्था असे. बाकीच्या खोल्या गारच राहत. पुढे रॉकेल आणि डिझेल आले, पण तेही उन्हाळ्यात घाटरस्त्याने ट्रकमधून आणून साठवायचे. बंद खोलीत बुखारी पेटवली की ऊब येते, तिच्याबरोबर धूरही. तो जास्तीत जास्त बायकांच्या आणि लहान मुलांच्या वाट्याला येतो.

मग वीज का नको? सिंधूवरचा ४५ मेगावॉटचा निमू-बाझगो जलविद्युत प्रकल्प २०१४ मध्ये देशाला अर्पण झाला. पण हिवाळ्यात नद्यांचे पाणी आटते, म्हणजे विजेची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच ती कमी निर्माण होते. २०१९ मध्ये श्रीनगरहून लेहपर्यंतची उच्चदाब वाहिनी सुरू झाली आणि अडचण कमी झाली. तरी मुळात एक प्रश्न उरतोच. आपल्याला खोली १५-१८ अंशांवर हवी आहे. एवढ्या मंद उष्णतेसाठी टर्बाइन फिरवून वीज करायची, शेकडो किलोमीटर न्यायची आणि शेवटी तारेत जाळायची, हे आम्हाला तरी द्राविडी प्राणायामासारखे वाटते. खोलीच्या बाहेर ऊन पडलेले असताना तर जास्तच.

लडाखची हवा विरळ आणि कोरडी, ढग कमी. त्यामुळे हिवाळ्यातही ऊन कडक असते. ते पकडायचे कुठे? बहुतेक मुले ‘छपरावर’ असे उत्तर देतात. इथे थोडी भूमिती करावी लागते. लेहचा अक्षांश सुमारे ३४ अंश. २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त साडेबत्तीस अंशांवर असतो, तोही दक्षिणेला. इतक्या तिरप्या उन्हासाठी सपाट छप्पर गैरसोयीचे. दक्षिणेकडच्या उभ्या भिंतीच्या दर चौरस मीटरवर छपराच्या दीडपटीहून जास्त ऊन पडते. २१ जूनला सूर्य साडेएकोणऐंशी अंशांवर, जवळजवळ डोक्यावर येतो. तेव्हा दक्षिण भिंतीवर ऊन फारच थोडे, छपराच्या पाचव्या हिश्श्याहून कमी. म्हणजे दक्षिणेची काच हिवाळ्यात ऊन आत घेते आणि उन्हाळ्यात आपोआप नाकारते. वर थोडी पडवी काढली तर उरलेलेही अडते.

ऊन आत आले, पण रात्रीचे काय? काचेतून दृश्य प्रकाश सहज आत येतो. तापलेल्या वस्तूंतून निघणारे लांब तरंगलांबीचे अवरक्त किरण मात्र काच शोषून घेते, थेट बाहेर जाऊ देत नाही. तरीही सूर्य मावळल्यावर काचेतून वहनाने उष्णता जातच राहते. उष्णता कशात तरी साठवायला हवी, आणि ते काम हवेचे नाही. चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच खोलीत लेहच्या उंचीवर जेमतेम ३२ किलो हवा मावते. ती एक अंशाने तापवायला सुमारे ३२ किलोज्यूल पुरतात. याउलट ३० सेंटिमीटर जाडीची, १० चौरस मीटरची मातीची भिंत साधारण ५४०० किलोची. मातीचा विशिष्ट उष्मा ०.९ धरला, तर ती एक अंश तापायला सुमारे ४९०० किलोज्यूल लागतात. दिवसभरात ती सरासरी १५ अंशांनी तापली, तर तिच्यात २० युनिट विजेइतकी उष्णता साठली. दोन किलोवॉटची शेगडी दहा तास चालवल्यासारखेच झाले. दार पाच मिनिटे उघडे राहिले तरी या घरात फारसे बिघडत नाही, ते याचमुळे. हवा गेली, पण भिंत तिथेच आहे.

भिंतीला बाहेरून काळा रंग द्यायचा, तिच्यापुढे थोडी फट ठेवून काच बसवायची. अशा भिंतीला ‘ट्रॉम्ब भिंत’ म्हणतात. फेलिक्स ट्रॉम्ब या फ्रेंच अभियंत्याने वास्तुरचनाकार झाक मिशेल यांच्यासह १९६७ मध्ये पिरेनीज पर्वतातल्या ओदेयो गावी तसे घर बांधले, म्हणून हे नाव. खरे तर एडवर्ड मोर्स या अमेरिकी गृहस्थाने १८८१ मध्येच या कल्पनेचे पेटंट घेतले होते. मातीतून उष्णता सावकाश सरकते. ३० सेंटिमीटर ओलांडायला तिला आठ-दहा तास लागतात. दुपारी बाहेरून तापलेली भिंत रात्री आतल्या बाजूने ऊब देते. जणू उन्हाची मनीऑर्डर.

लेहजवळ फे गावी ‘सेकमॉल’ या १९८८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचा परिसर आहे. तिथल्या इमारती मातीच्या, दक्षिणाभिमुख. हिवाळ्यात दक्षिणेला प्लॅस्टिकच्या कागदाचे हरितगृह जोडतात आणि उन्हाळा आला की काढून ठेवतात.

हा मुद्दा आम्ही वर्गात एका प्रयोगातून घेतला. पुठ्ठ्याची दोन सारखी खोकी, वर काच, आत तापमापक. एकात काळ्या रंगाच्या, पाण्याने भरलेल्या चार बाटल्या, दुसरे रिकामे. दोन्ही उन्हात ठेवून दर अर्ध्या तासाने नोंद. पहिल्या वेळी शाळा सुटते म्हणून आम्ही चारला नोंदी थांबवल्या. रिकामे खोके दुपारभर जास्त तापले होते, तेव्हा मुलांनी ‘रिकामेच चांगले’ असा निष्कर्ष वहीत लिहून टाकला! दुसऱ्या वेळी काही मुलांनी खोकी घरी नेऊन रात्री आठपर्यंत नोंदी केल्या. रिकामे खोके अंधार पडता पडता गार झाले, बाटल्यांचे मात्र कोमट राहिले. प्रयोग कधी थांबवायचा, हाही प्रयोगाचाच भाग असतो, हे त्या दिवशी आम्हीही शिकलो.

आता अडचणींकडे येऊ. संध्याकाळी काचेवर जाड पडदा ओढावा लागतो. विसरले तर कमाई रात्रीत जाते. घराची दक्षिण मोकळी हवी. शेतात सुटे घर असेल तर हे सोपे, पण लेह शहरात जागा लहान होत चालल्या आहेत, आणि समोर कोणी तीन मजले चढवले की याची भिंत सावलीत जाते. उन्हावर शेजाऱ्याचा हक्क किती, हे ठरवणे भौतिकशास्त्राच्या आवाक्याबाहेरचे.

दुसरी अडचण मातीची. ऑगस्ट २०१० मध्ये लेहमध्ये ढगफुटी झाली. दोनशेहून अधिक माणसे गेली, मातीची कितीतरी घरे कोसळली. त्यानंतर सिमेंटचे घर म्हणजे पक्के घर, ही समजूत वाढली असेल तर लोकांना दोष देता येत नाही. पण सिमेंटच्या पातळ भिंतीतून उष्णता भराभर बाहेर जाते. पक्के घर हिवाळ्यात जास्त गार पडते आणि त्यात जास्त इंधन जाळावे लागते. भक्कम दगडी जोते, वर मातीची जाड भिंत, उत्तरेकडे दुहेरी भिंत करून मधे भुसा किंवा गवत भरायचे, हा मधला मार्ग आहे. त्यासाठी मातीचे काम जाणणारे गवंडी हवेत.

याच उन्हाचा दुसरा उपयोगही ठरला आहे. लडाखमधल्या पांग परिसरातील १३ गिगावॉटच्या अपारंपरिक ऊर्जा प्रकल्पासाठी वाहिनी टाकायला केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी दिली. वाहिनी हरियाणातल्या कैथलपर्यंत, सुमारे ७०० किलोमीटर जायची आहे. देशाला कोळशावाचूनची वीज हवीच. पण सौर पत्रे मांडायला लागणारी सपाट जमीन म्हणजे पश्मिना शेळ्या पाळणाऱ्या चांगपा लोकांची कुरणे. नकाशावर ती ओसाड दिसते, शेळ्यांच्या दृष्टीने ती ओसाड नाही. दक्षिण भिंतीला मात्र वेगळी जमीन लागत नाही. ती घराच्या जागेतच उभी राहते.

येत्या २२ डिसेंबरला शाळेच्या मैदानात एक मीटर उंचीची काठी सरळ उभी करा आणि दुपारी बारा ते एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावली मोजा. पुण्याच्या आसपास सर्वांत आखूड सावली सुमारे ९० सेंटिमीटर येईल, बहुधा साडेबाराच्या सुमारास. लेहमध्ये तीच १५७ सेंटिमीटरच्या जवळपास येते. या दोन आकड्यांवरून दोन्ही ठिकाणी सूर्य किती अंशांवर होता, हे मुलांना कागदावर काटकोन त्रिकोण काढून कोनमापकाने मोजता येईल. मग आपल्या शाळेच्या कोणत्या भिंतीवर हिवाळ्यात सर्वांत जास्त ऊन पडते, आणि त्या बाजूला खिडक्या किती आहेत, तेही त्यांनाच पाहून येऊ द्या.