उसाच्या कांडीतले इंधन

मुलांनो, हिवाळ्यात अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासा तालुक्यात गेलात, तर उसाने भरलेल्या गाड्या सोनई व भेंडे येथील साखर कारखान्यांकडे निघालेल्या दिसतील. अशाच उसाचा काही अंश मोटारसायकलीच्या टाकीत जातो, हे तुम्हाला ठाऊक आहे काय?

ही कथा सुरू होते १९७३ मध्ये. त्या वर्षी अरब देशांनी तेलाचा पुरवठा रोखला आणि पिंपाचा भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाला. तेल आयात करणाऱ्या ब्राझीलने १९७५ मध्ये उसापासून इंधन बनवण्याची योजना आखली. १९७९ मध्ये तेथे निव्वळ अल्कोहोलवर धावणारी फियाट मोटार विक्रीस आली. आपल्याकडे २००१ मध्ये मिरज व मनमाड येथे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग झाले. २०२५ पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले.

इथेनॉल तयार कसे होते? उसाच्या रसात किंवा साखर काढून उरलेल्या मळीत यीस्ट हे सूक्ष्मजीव सोडतात. ते ग्लुकोजच्या एका रेणूपासून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू बनवतात. मग ऊर्ध्वपातन करून इथेनॉल वेगळे काढतात व उरलेले पाणी काढून टाकतात.

मात्र इथेनॉलच्या रेणूत आधीच ऑक्सिजन असतो. म्हणजे ते जणू थोडे जळलेलेच असते! म्हणून एक लिटर इथेनॉलमधून पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश उष्णता मिळते. वीस टक्के मिश्रणात ही घट सुमारे ७ टक्के भरते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते आणि काही प्रकारचे रबर फुगवते. त्यामुळे कारखानदारांना नळ्या, वायसर बदलावे लागले आणि इंधन सोडण्याचे प्रमाणही नव्याने ठरवावे लागले.

आता खरा प्रश्न पाण्याचा. थेट रसापासून एक लिटर इथेनॉल मिळवायचे, तर त्यासाठीचा ऊस पिकवायला अडीच हजार लिटरहून अधिक पाणी लागते. नेवासा पडला पर्जन्यछायेत. येथील ऊस मुळा धरणाच्या कालव्यावर आणि विहिरींवर जगतो. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, तेव्हा साखर कमी पडू नये म्हणून सरकारला रसापासून इथेनॉल बनवण्यावर बंधने घालावी लागली.

तेल महागले की आपण ऊस पिकवू शकतो. पण विहीर आटली तर? म्हणून ठिबक सिंचनाने वाचलेला प्रत्येक थेंब हाही इंधनाच्या हिशोबात धरला पाहिजे. तुमच्या गावातील एक एकर उसाला किती पाणी दिले जाते, हे शेतकऱ्याला विचारा आणि हे गणित स्वतःच मांडून पाहा.