मुक्कामाची गाडी आणि डोंगरवाट

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की मुंबई, पुणे आणि नाशिक या तिन्ही शहरांतून भंडारदऱ्याच्या जलाशयाकडे मोटारींचा ओघ सुरू होतो. शनिवार-रविवारी शेंडी गावापाशी वाहनांच्या रांगा लागतात, आणि त्याच कोंडीत एस. टी.ची एखादी गाडीही अडकून पडते. तीत बसलेल्या असतात राजूरचा बाजार करून परतणाऱ्या बाया, दवाखान्यातून येणारे म्हातारे, तालुक्याला शिकणारी मुले. शहरवासीयांच्या या सहलीशी त्यांचा काहीही संबंध नसतो. तिचा भुर्दंड मात्र त्यांना सोसावा लागतो. शहरातून येणारा माणूस याच एस. टी.ने आला, तर रस्ता मोकळा राहील, आणि तोट्याची म्हणून जिच्याकडे नेहमी बोट दाखविले जाते ती खेड्याची फेरीही तगून राहील. प्रश्न दिसतो सहलीचा. वस्तुतः तो एका सार्वजनिक सेवेच्या अस्तित्वाचा आहे.

प्रवरेवरील भंडारदरा धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये ते पूर्ण झाले. सुमारे ८२ मीटर उंचीच्या या दगडी भिंतीला विल्सन धरण आणि मागच्या जलाशयाला आर्थर लेक ही गोऱ्या साहेबांची नावे मिळाली. काठावरची गावे मात्र मुरशेत, घाटघर, साम्रद, रतनवाडी अशी आपल्या जुन्या नावांनीच नांदत राहिली. जलाशयाच्या एका अंगाला प्रवरेचे उगमस्थान असलेला रतनगड, दुसऱ्या अंगाला १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे राज्यातील सर्वोच्च शिखर आणि दक्षिणेस हरिश्चंद्रगड. हा डोंगराळ मुलूख १९८६ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला. हरिश्चंद्रगडाच्या पलीकडे, पुणे जिल्ह्याच्या हद्दीत, पिंपळगाव जोगे धरणाचे पाणी पसरलेले आहे. या दोन जलाशयांमधला प्रदेश पायी हिंडणाऱ्यांसाठी महाराष्ट्रातील अत्यंत समृद्ध प्रदेशांपैकी एक आहे, आणि त्याच्या बहुतेक वाटांच्या तोंडाशी सार्वजनिक वाहनाने पोचता येते.

कळसूबाईच्या पायथ्याचे बारी हे गाव कोल्हार-घोटी रस्त्यावरच आहे. रेल्वेने इगतपुरी किंवा घोटी गाठावी आणि राजूर-अकोल्याकडे जाणाऱ्या गाडीतून बारीच्या फाट्यावर उतरावे. हरिश्चंद्रगडासाठी कल्याणहून माळशेज घाटमार्गे आळेफाट्याकडे जाणारी गाडी खुबी फाट्यावर सोडते. तेथून धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वर आणि टोलार खिंडीतून गड. रतनगडासाठी रतनवाडीला, अमृतेश्वराच्या प्राचीन शिवालयापाशी उतरावे लागते.

यात एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. मोटारीने येणाऱ्याला जेथे मोटार उभी केली तेथेच परतावे लागते. त्याची वाट मोटारीच्या खुंटीला बांधलेली असते. एस. टी.ने येणारा खिरेश्वराकडून गड चढून पाचनईला उतरतो, रतनवाडीहून रतनगड चढून त्र्यंबक दरवाजाने साम्रदला निघतो. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाणे हाच सह्याद्रीतील जुन्या वाटांचा मूळ धर्म आहे. तो आज पाळता येतो तो एस. टी.च्या प्रवाशालाच.

रिकाम्या परतीचे अर्थशास्त्र

ग्रामीण भागातील एस. टी.ची दिनचर्या गावकऱ्यांच्या गरजेवर बेतलेली असते. संध्याकाळी आगारातून सुटलेली गाडी शेवटच्या गावी मुक्कामाला राहते आणि पहाटे माणसे घेऊन तालुक्याला निघते. सकाळी गाव तालुक्याला जाते, संध्याकाळी घरी परतते. साहजिकच सकाळी गावाकडे येणाऱ्या आणि संध्याकाळी गावाहून निघणाऱ्या गाडीत माणसे थोडी असतात. चालक-वाहकाचे वेतन, डिझेल, टायरची झीज हा सारा खर्च मात्र दोन्ही दिशांना सारखाच होतो. फेरीचे भारमान त्यामुळेच कागदावर खाली येते आणि तिच्या नावापुढे तोट्याचा शिक्का बसतो.

डोंगरात हिंडावयास येणाऱ्याचा दिवस याच्या नेमका उलट असतो. तो सकाळी गावाकडे येतो आणि संध्याकाळी शहराकडे परततो. म्हणजे जी आसने एरवी रिकामी धावतात, त्यांचाच तो गिऱ्हाईक आहे. त्याला नेण्यासाठी येणारा सीमांत खर्च जवळजवळ शून्य आणि त्याने दिलेले भाडे जवळजवळ सर्वच्या सर्व जादा उत्पन्न. दोन वेगळ्या गरजा एकाच साधनात इतक्या सहजपणे एकमेकींना पूरक ठरल्याची उदाहरणे वाहतूक व्यवसायात विरळाच.

ही बाब गौण नाही. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातील एस. टी. कर्मचाऱ्यांच्या संपाने गाडी नसणे म्हणजे काय, याचा अनुभव खेड्यापाड्यांना दिला. ज्याच्यापाशी मोटारसायकल होती त्याचे निभावले. इतरांना जीपवाला मागेल ते भाडे द्यावे लागले. महिलांना २०२३ पासून निम्म्या भाड्यात आणि ग्रामीण विद्यार्थिनींना मोफत पासावर प्रवासाची सवलत आहे. परंतु फेरीच बंद झाली तर सवलत कशावर घेणार? मुक्कामाची गाडी गेली की पहिल्यांदा शाळा सुटते ती मुलीची.

पाणी खाली, ओझे वर

न्यायाचा मुद्दाही येथे आहे. भंडारदऱ्याच्या पाण्यावर खाली संगमनेर-श्रीरामपूरच्या बाजूला उसाचे मळे उभे राहिले, साखर कारखाने निघाले, सहकाराची कीर्ती झाली. जलाशयाच्या काठावरील महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबे मात्र पावसाच्या भातावर अवलंबून राहिली आणि भातकापणी आटोपली की मजुरीसाठी नारायणगावच्या बागायतीकडे उतरू लागली. पाणी ज्यांच्या दारात साठते त्यांच्या वाट्याला आता पर्यटनाची कोंडी आणि कचरा येत असेल, तर ती दुसऱ्यांदा केलेली उपेक्षा ठरेल.

मोटारीतून येणारा पर्यटक इंधन, शिधा आणि बाटलीबंद पाणी शहरातूनच घेऊन निघतो. गाडीने येऊन पायी जाणाऱ्यास वेळापत्रकामुळे बहुधा मुक्काम करावा लागतो. त्याला कुणाच्या तरी ओसरीवर पथारी लागते, पिठले-भाकरी लागते, माहीतगार वाटाड्या लागतो. त्याचा पैसा थोडा असेल. पण तो गावातच उतरतो.

स्विस उदाहरण

पर्यटनाची गोष्ट निघाली की आपल्याकडे स्वित्झर्लंडचे नाव हमखास घेतले जाते. परंतु तेथील खरा धडा फारसा कुणी उचलीत नाही. १९७९ मध्ये त्या देशाने सार्वमत घेऊन पायवाटांविषयीचे कलम आपल्या घटनेत घातले आणि १९८५ मध्ये त्याचा कायदा केला. पदभ्रमणाच्या वाटांनी कोणती ठिकाणे जोडावीत हे सांगताना त्या कायद्याने रम्य स्थळांच्या जोडीने सार्वजनिक वाहनांच्या थांब्यांचाही उल्लेख केला आहे. पिवळ्या पाट्यांनी दाखविलेल्या या वाटांची लांबी आज ६५,००० किलोमीटरच्या घरात आहे. ल्युसर्न सरोवराच्या काठाने १९९१ मध्ये सुरू झालेली ३५ किलोमीटरची 'स्विस वाट' तर अशी आखलेली आहे, की मध्येच थकलेल्याने धक्क्यावर उतरून बोट धरावी किंवा स्थानक गाठून आगगाडी.

तो देश श्रीमंत आहे, हे खरे. परंतु येथे नव्याने काही उभारावयाचे नाही. वाट आहे, थांबा आहे, गाडीही आहे; नाही तो या तिहींना जोडणारा विचार.

काय करता येईल?

एस. टी. वेळेवर येत नाही, शहरातील नोकरदारापाशी एकच रविवार असतो आणि सर्वच लोटले तर डोंगरावर गर्दी होईल, असे तीन आक्षेप घेतले जातील. पहिल्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच वेळापत्रकाचे महत्त्व. कसारा, घोटी, राजूर, अकोले येथे आणि प्रत्येक गडाच्या पायथ्याशी गाड्यांच्या वेळांचा, विशेषतः शेवटच्या गाडीच्या वेळेचा, ठळक फलक लावावयास कितीसा खर्च येतो? शेवटची गाडी चुकेल या धास्तीने अंधारात ओल्या कातळावरून घाईने उतरणे जिवावर बेतू शकते. तेव्हा हा फलक सुरक्षिततेचाही भाग आहे. दुसऱ्या आक्षेपाला उत्तर म्हणजे पावसाळ्यातील शनिवार-रविवारी घोटी स्थानकाशी सांगड घालून सोडलेल्या मोजक्या जादा फेऱ्या. तिसऱ्याचे उत्तर गाडीतच आहे. गाडीची आसने मोजलेली असतात. मोटारींच्या रांगेला अशी मर्यादा नसते.

याहून एक पाऊल पुढे जाणेही अशक्य नाही. माथेरानला मोटारींना बंदी आहे, दस्तुरी नाक्यावर त्या सोडून पुढे जावे लागते, आणि त्यामुळे माथेरानची लोकप्रियता कमी झालेली नाही. गर्दीच्या दिवसांत खासगी मोटारी शेंडीला थांबवून पुढचा जलाशयाचा फेरा एस. टी.ने करावयाचा, आणि मोटारींकडून घेतलेल्या शुल्कातून मुक्कामाच्या फेऱ्यांची तूट भरून काढावयाची, अशी योजना करता येईल. स्थानिकांच्या वाहनांना अर्थातच मुभा असावी आणि ग्रामसभांना विश्वासात घेतल्यावाचून काही ठरविले जाऊ नये.

'रस्ता तेथे एस. टी.' हे ब्रीद महामंडळाने खेड्यातील माणसासाठी स्वीकारले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली तेव्हा गिरिभ्रमण करणारा प्रवासी कुणाच्या हिशेबात नव्हता. आज त्याने आपण होऊन त्या हिशेबात यावयास हवे. रतनवाडीच्या गाडीचे तिकीट काढणारा शहरवासी स्वतःची सोय तर पाहतोच. उद्या पहाटे त्याच गाडीने शाळेला निघणाऱ्या मुलीची जागाही तो राखून ठेवीत असतो.