फळ्यावरचा आकडा



हंगाम सुरू झाला की गट कार्यालयात पाऊल टाकताच पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काल गाळप किती झालं?" फळ्यावर मोठा आकडा दिसला की आपल्याला बरं वाटतं. परंतु नुसत्या टनांवर कारखान्याचे व कामगारांचे काम जोखू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गाळपाचा आकडा गाठण्यासाठी मिलवर ताकदीबाहेर ऊस सोडला की रस नीट पिळून निघत नाही. समजा, हंगामात ५ लाख टन गाळप झाले. उसाच्या साधारण २८ टक्के धरली तर बगॅस निघाली १ लाख ४० हजार टन. तिच्यातली पोल २ टक्क्यांवरून २.३ वर गेली, म्हणजे ४,२०० क्विंटल साखर जादा बॉयलरमध्ये जळाली! ती सगळीच पोत्यात आली असती असे नव्हे. पण फळ्यावर मात्र तेव्हा विक्रम लागलेला असतो.

उताऱ्याचा संबंध थेट आपल्या खिशाशी आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफ.आर.पी. ठरविली, त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे. ५ लाख टनांवर हा दशांश १ कोटी ७३ लाखांचा होतो.

मग उतारा हाच एक आकडा सर्वांपुढे ठेवला तर? तेवढ्यानेही भागत नाही. उतारा घसरला की इंजिनिअरिंग म्हणतं ऊस शिळा आला, शेतकी खातं म्हणतं मिल नीट चालत नाही, आणि चीफ केमिस्ट दोघांकडे बोट दाखवतात. म्हणून जे ज्याच्या हातात, त्याचाच जाब त्याला विचारावा. शेतकी खात्याला विचारावे, तोड झाल्यापासून गव्हाणीत पडेपर्यंत किती तास गेले? तोडलेला ऊस उन्हात पडला की वजनही घटते नि साखरही. मिलला बगॅसची पोल व ओलावा विचारावा, उत्पादन विभागाला मळीची प्युरिटी. मिल बंद पडली तर तो वेळही कारणवार लिहावा. ऊसच आला नाही म्हणून थांबलेल्या मिलबद्दल पाळीवरच्या फिटरने बोलणी का खावीत?

आणि मुख्य म्हणजे, वाईट आकडा सांगणाऱ्यावर आधी डाफरू नये. डाफरलं की पुढच्या वेळी लॉगबुकात आठ तासांची नोंद एका बैठकीत, एका शाईत उमटते. असे आकडे दिसायला फार सुरेख असतात!

हंगामाअखेर आर.टी. ८-सी अहवालात सर्व हिशेब येतोच, पण तोवर ऊस गाळून झालेला असतो. रोजचे पत्रक रोज सकाळी खातेप्रमुखांनी एकत्र बसून वाचावे, हे बरे. आमची तर सूचना आहे की गट कार्यालयाच्या फळ्यावर गाळपाशेजारी उतारा, बगॅसची पोल आणि तोड ते गाळप लागलेले तास, हेही रोज लिहावे. जागा आहे, खडूही आहे.