हळदोण्याच्या ट्रम्पेटची करामत

श्रावणातल्या सोमवारी उज्जैनला महाकालाची सवारी निघते. देवळाच्या दारात पोलीस पालखीला मानवंदना देतात, बँड सुरू होतो आणि मिरवणूक क्षिप्रेच्या वाटेला लागते. एवढ्या गजरावर मात करणारी पितळी वाद्यं चालतात तरी कशी? माणसाच्या ओठांवर! ट्रम्पेटची किंवा कॉर्नेटची नळी सरळ केली तर साधारण साडेचार फूट भरते. नळीच्या तोंडाशी ओठ घट्ट मिटून फुंकले की ते थरथरतात आणि नळीतली हवा गाऊ लागते. नुसते ओठ आवळून-सैलावून मात्र मोजकेच सूर मिळतात. मधल्या जागा तीन कळा भरून काढतात. कळ दाबली की नळीला जादा तुकडा जोडला जातो आणि सूर खाली येतो: मधलीनं अर्धा स्वर, पहिलीनं एक, तिसरीनं दीड. तीन बोटांत सगळी सप्तकं! कॉर्नेटची नळी हळूहळू रुंदावत जाते, म्हणून त्याचा आवाज मऊ. ट्रम्पेटची बरीचशी एकसारखी, म्हणून धारदार. न्यू ऑर्लीन्समध्ये जॅझ जन्मलं ते कॉर्नेटच्या सुरात. लुई आर्मस्ट्राँगनंही आधी कॉर्नेटच हाती धरलं.

जॅझच्या पहिल्या पिढीतला एक कॉर्नेटवादक थेट मुंबईत येऊन राहिला, हे कळल्यापासून माझं नवल ओसरलेलं नाही. त्याचं नाव क्रिकेट स्मिथ. 1913-14 मध्ये न्यूयॉर्कला जेम्स रीस युरोपच्या वाद्यवृंदात त्यानं ध्वनिमुद्रणं केली, पुढे पॅरिस गाजवलं, आणि 1936 मध्ये ताजमहाल हॉटेलातल्या स्वतःच्या बँडसह मुंबईतच ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ची तबकडी काढली. जॅझला तेव्हा उणीपुरी दोन-तीन दशकं झाली होती!

मुंबईत हे संगीत उचलायला गोव्याची मुलं तयारच होती. गावोगावच्या चर्चच्या शाळांत ती लहानपणीच नोटेशन वाचायला शिकत. बार्देशातल्या हळदोण्याचा, 1916 चा जन्म असलेला अँतोनियो झेवियर वाझ त्यांच्यातलाच. ट्रम्पेट हाती घेऊन, आर्मस्ट्राँगला गुरू मानून तो ‘चिक चॉकलेट’ झाला. हातात पांढरा रुमाल, गळ्यात तोच खरखरीत स्वर. लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत. नक्कल म्हणून हे बाजूला सारणाऱ्यांशी माझं पटत नाही. आर्मस्ट्राँगसारखं वाजवायचं तर तेवढा दम आणि तेवढी हिंमत अंगात असावी लागते.

पुढे मुंबईत दारूबंदी आली, क्लबांची रया गेली आणि वादक सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळले. तिथे चिकची गाठ पडली पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांशी. रागदारीत मुरलेला मराठी संगीतकार आणि चर्चच्या शाळेत घडलेल्या परंपरेतला गोमंतकीय ट्रम्पेटवादक! रामचंद्रांचं संगीत असलेल्या, भगवानदादांच्या 1951 च्या ‘अलबेला’ या सिनेमात बोंगो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट असे धावून येतात की पाय आवरत नाहीत. सिनेमातले वादक एरवी पडद्याआडच राहत. ‘अलबेला’त मात्र चिक आपल्या बँडसह, झालरींचे कपडे घालून, पडद्यावर वाजवताना दिसतो.