सिंधुदुर्गातला इवलासा गेंद

कासच्या फोटोंत पठारभर पसरलेले पांढरे मणी दिसतात ना, तो गेंद. शास्त्रीय भाषेत एरिओकॉलॉन. यातलीच एक नवी जात सिंधुदुर्ग जिल्ह्यात सापडली: एरिओकॉलॉन पार्विसेफॅलम. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या डॉ. रितेश कुमार चौधरी आणि सहकाऱ्यांचं हे काम, 2020 साली जाहीर झालं. सोबत कर्नाटकातल्या कुमट्याची एरिओकॉलॉन करावळेन्स ही दुसरी नवी जातही.

सिंधुदुर्गातल्या या जातीचा फुलोरा फारच लहान. आणि त्या एवढ्याशा गोंड्यातही एकच फूल नसतं, नर आणि मादी अशी कितीतरी सूक्ष्म फुलं दाटीवाटीने बसलेली असतात! गेंदाच्या जाती वरून जवळपास सारख्याच दिसतात, म्हणून फुलांचे भाग आणि बियांवरची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागते. इतक्या चिकाटीच्या कामाचं मला मनापासून कौतुक वाटतं.

भारतात गेंदाच्या सुमारे 111 जाती, त्यातल्या साधारण 70 टक्के फक्त आपल्याच देशात. आमच्या पुसेगावच्या काळ्या, खोल मातीत वाढलेल्या माणसाला गेंद जिथे वाढतात त्या कोकणातल्या सड्यावरचा, म्हणजे कातळी पठारावरचा, बोटभर रेताड थर पाहून प्रश्नच पडतो, इथे काय उगवणार? पण सड्यांवरचे कितीतरी गेंद पावसाच्या तीन-चार महिन्यांतच उगवून, फुलून, बी टाकून मोकळे होतात. उन्हाळ्यात तिथे नुसता काळा खडक दिसतो. त्यामुळे सडा ओसाड समजून चिरेखाणीला दिला, की खाली पडलेलं बीसुद्धा जातं.

कोकणात जाणार असाल तर पावसाळ्यात जा, भिंग सोबत ठेवा. फोटो काढा, रोप मात्र उपटू नका.