कप्पी, वाळूची पिशवी आणि रोमन रिंगा

तेरखेड्याचें नांव निघालें कीं लोकांना फटाके आठवतात, आणि तें योग्यच आहे. धाराशिव जिल्ह्यांतील वाशी तालुक्याच्या या गांवाची दारूकामाची ख्याति मोठी. आमचें मूळचें घर याच गांवांत. परंतु या लेखाचा विषय दारूकाम नव्हे. २०२३ च्या दिवाळींत आम्ही घरीं गेलों, तेव्हां पडवीच्या तुळईस दोन लाकडी कड्या टांगलेल्या दिसल्या. आणि त्या कड्यांवरून आमच्या एकत्र कुटुंबांत जो वाद पेटला होता, त्याचा आवाज बाहेरच्या आपटबारांपेक्षां कांहीं कमी नव्हता.

आमच्या लहानपणीं शहरांतील व्यायामशाळांतून या कड्यांस ‘रोमन रिंगा’ म्हणत. १८९६ सालीं अथेन्स येथें आधुनिक ऑलिंपिक सामने सुरू झाले, त्या पहिल्या सामन्यांतही हा प्रकार होता. कडीचा आंतील व्यास १८ सेंटिमीटर, दोन कड्यांमधील अंतर ५० सेंटिमीटर, आणि सामन्यांत त्या जमिनीपासून २.८० मीटर उंचीवर टांगलेल्या असतात. साधन इतकें साधें कीं, यांत अवघड तें काय, असें पाहणाऱ्यास वाटावें. डबलबारवर चढलेल्या माणसाच्या हाताखालचा दांडा निदान जागचा हलत नाहीं. कडी मात्र दोराच्या टोकाला असते, आणि हात थरथरला कीं तीही थरथरते. म्हणून दोन्ही हात ताठ ठेवून तिच्यावर नुसता देह तोलून धरणें हीच नवशिक्याची पहिली परीक्षा. शेवटच्या परीक्षांपैकीं एक म्हणजे ‘क्रूस’: दोन्ही हात खांद्यांच्या रेषेंत आडवे पसरून सारा देह अधांतरीं निश्चल धरावयाचा. सोव्हिएट संघाचा आर्मेनियन खेळाडू आल्बर्ट अझार्यान यानें १९५६ सालीं मेलबर्न येथें व १९६० सालीं रोम येथें या साधनावर सुवर्णपदक मिळविलें, आणि क्रुसाच्या एका प्रकारास त्याचेंच नांव पडलें आहे.

आमच्या पुतण्यानें हा क्रूस मोबाइलच्या पडद्यावर पाहिला. वय सतरा, वजन ५६ किलो, उत्साह अमाप, आणि गुरु कोणी नाहीं. कड्या त्यानें घरपोच मागविल्या, तुळईस टांगल्या, आणि तिसऱ्याच आठवड्यांत डाव्या कोंपराच्या आंतील बाजूस कळ येऊं लागली, तरी कोणास सांगितलें नाहीं. मुलगा डाव्या हातानें पाण्याचा तांब्या उचलीत नाहीं, हें त्याच्या आईच्या म्हणजे आमच्या वहिनींच्या लक्षांत आलें. मग त्यानें सहाय्यक साधनांची एक यादी काढली: रबरी पट्टे, कोंपराखालीं बांधावयाचे चामडी पट्टे, कप्पी आणि वजन. ही यादी पाहून आमचे थोरले बंधु अण्णा संतापले.

अण्णांचें वय बहात्तर. पुण्यास शिकत असतां त्यांनीं मल्लखांब केलेला; दसरंग आणि सुईदोरा यांविषयीं ते अजून डोळे मिटून बोलतात. त्यांचें म्हणणें असें: ‘‘काठी टेकून कोणी शर्यत जिंकत नाहीं. ज्याला स्वतःचा देह पेलत नाहीं त्यानें आधीं जोर काढावे, बैठका काढाव्या. आधाराची संवय लागली म्हणजे आधारच बळकट होतो, माणूस नव्हे.’’

‘‘अण्णा,’’ पुतण्या म्हणाला, ‘‘तुम्ही पहिल्या दिवशीं मल्लखांबावर चढलांत, तेव्हां मागें कोणाचा हात नव्हता का?’’

अण्णा गप्प राहिले. हात होता, त्या गुरुजींच्या गोष्टी आम्हीं त्यांच्याच तोंडून शंभर वेळां ऐकल्या आहेत.

वास्तविक मल्लखांब हेंच मुळांत एक सहाय्यक साधन आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकांतील ग्रंथांत मल्लस्तंभाचा उल्लेख येतो. आणि ती कल्याणी, म्हणजे आजचें बसवकल्याण, आमच्या जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यापासून फार दूर नाहीं. खांब मल्लासाठीं होता, मल्ल खांबासाठीं नव्हे. न थकणारा आणि न चिडणारा प्रतिस्पर्धी समजून त्यास मिठी घालावयाची, पकड घट्ट करावयाची, आणि मग कुस्तीच्या हौद्यांत उतरावयाचें. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधरांनीं ही विद्या पुन्हां ऊर्जितावस्थेस आणली. निजामाच्या राज्यांतून आलेल्या मल्लांस त्यांनीं कसें चीत केलें, याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. (ती सांगतांना अण्णा शेवटीं ‘आपल्याकडचे हरले’ असें हळूच म्हणतात, १९४८ पर्यंत आमचें गांव निजामाच्याच राज्यांत होतें.) पुढें टांगता मल्लखांब आला, वेताचा आला, आणि ज्याचा जन्म साधन म्हणून झाला त्याचा स्वतंत्र खेळ होऊन बसला. आतां त्याच खेळांत वाढलेल्या माणसानें कप्पीस नांवें ठेवावीं हें आम्हांस मजेचें वाटलें. परंतु बहात्तर वर्षांच्या वडील भावास हें तोंडावर सांगण्याची आमच्या घरांत रीत नाहीं.

आमचा पक्ष पुतण्याचा होता, आणि त्याचें कारण म्हणजे आमचें उजवें कोंपर. कॉलेजांत असतां आम्हीं एका व्यायामशाळेंत दहा रुपयांची पैज लावून क्रूस करावयास गेलों. दंड तेव्हां चांगला भरलेला होता. आरशांत पाहून समाधान वाटे. हात बाजूला पसरूं लागलों, देह वीतभर खालीं आला असेल नसेल, तोंच कोंपरांत कांहींतरी उसवल्यासारखें झालें. पुढचे चार महिने लेखणी डाव्या हातांत होती. जड पिशवी घेऊन जिना चढतांना तो हात आजही दुसऱ्या कोणाचा वाटतो.

यांतील मर्म आम्हांस फार उशिरां कळलें. स्नायु कांहीं आठवड्यांत बळावतो. परंतु स्नायूस हाडाशीं बांधणारी जी कंडरा, तिला रक्ताचा पुरवठा थोडा, आणि तिला बळकटी येण्यास महिनेच्या महिने लागतात. तरुणास आरशांत स्नायु दिसतो, कंडरा दिसत नाहीं. इटलीचा युरी केकी हा १९९६ सालीं अटलांटा येथें कड्यांवर सुवर्णपदक मिळविलेला वीर. त्याच्याही दंडाची कंडरा २००० सालीं तुटली आणि सिडनीचे सामने हुकले. पुढें २००४ सालीं अथेन्स येथें चौतिसाव्या वर्षीं त्यानें कांस्यपदक मिळविलें ही गोष्ट निराळी. अशा सिद्ध पुरुषाची ही गति, तर पडवींतल्या पोराची काय?

आतां क्रुसांत भार किती पडतो तें पाहावें. ५६ किलोचा देह, म्हणजे प्रत्येक हातावर २८ किलो. हे २८ किलो खांद्यापाशीं असते तर चिंता नव्हती. पण ते खांद्यापासून सुमारें ६० सेंटिमीटर दूर, तळहाताशीं आहेत. तरफेचा नियम शाळेंत सर्वांनींच घोकलेला असतो: भार आणि अंतर यांचा गुणाकार करावा. तो येथें १६८० होतो. चामडी पट्ट्यानें कडीचा आधार तळहाताऐवजीं कोंपराच्या किंचित् पुढें, खांद्यापासून ३५ सेंटिमीटरवर घेतला, तर तोच गुणाकार ९८० वर येतो. शिवाय दुखरें कोंपर बव्हंशीं मोकळें राहतें. खांद्यास काम तेंच, पण ओझें शेंकडा साठांहूनही कमी. पुढें बळ वाढेल तसा पट्टा अंगुळ अंगुळ मनगटाकडे सरकवीत न्यावयाचा.

रबरी पट्टा स्वस्त आणि सोपा खरा, परंतु आमचें मत त्याजविषयीं फारसें चांगलें नाहीं. देह खालीं जातो तेव्हां तो अधिक ताणला जाऊन अधिक मदत करितो, वर येतो तेव्हां कमी. आणि नक्की किती, हें कोणीच सांगूं शकत नाहीं. जुना झाला कीं सैल पडतो, म्हणजे मदत आपोआप घटते आणि घेणाऱ्याला पत्ताही नसतो. कप्पीचें तसें नाहीं. टोकाला वीस किलो बांधले तर देह वीस किलोंनीं हलका, वरही तितकाच, खालींही तितकाच. ५६ मधून २० गेले, ३६ राहिले, प्रत्येक हातावर १८.

परसांतल्या विहिरीवर मोटार बसल्यापासून तिची लोखंडी कप्पी कोठारांत पडून होती. ती आणि जोडीला आणखी एक अशा दोन कप्प्या तुळईस बसविल्या. पुतण्याच्या कमरेस रुंद पट्टा. पट्ट्याच्या दोन्ही अंगांचे दोर डोक्यावर एका आडव्या दांडक्याच्या दोन टोकांस बांधलेले. दांडक्यापासून एक दोर दोन्ही कप्प्यांवरून जाऊन पडवीच्या कडेला खालीं सोडलेला, आणि त्याच्या टोकाला वाळू. वहिनींनीं मांजरपाटाच्या पिशव्या दुहेरी शिवून दिल्या. कड्या मुद्दाम इतक्या खालीं टांगल्या कीं, हात सुटला तर पाय लगेच जमिनीस लागावे. तुळई तपासावयास मात्र अण्णा स्वतः शिडीवर चढूं लागले, आणि चढतांना त्यांनीं शिडी फक्त डाव्या हातानें धरली. तें तेव्हां आम्हीं पाहिलें, पण मनावर घेतलें नाहीं. शेवटीं शिडी आम्हीं घेतली, आणि त्यांनीं खालून काठीनें तुळई ठोकून वाळवी नसल्याची खात्री करून घेतली. तुळईवर किती भार येणार, असें त्यांनीं विचारलें. छप्पन, असें पुतण्यानें ठोकून दिलें. अण्णा म्हणाले, ‘‘चूक. तुझे छप्पन आणि पिशवीचे वीस. शहात्तर.’’ हिशेब अगदीं बरोबर होता. अण्णांचा जन्म खतावण्या तपासण्यांत गेला आहे.

दुसरी चूकही त्यांनींच काढली. गंजलेली कप्पी अडते, आणि जितकी अडते तितका हिशेब खोटा ठरतो. ताणकाटा लावून पाहिलें तेव्हां वीस किलोंच्या पिशवीस दुसऱ्या टोकाला जवळजवळ तीन किलोंचा फरक पडत होता. कप्पी उघडली, घासली, तिला एरंडेल पाजलें. एरंडेलाचा वास आला आणि अण्णांचा चेहरा बदलला. मल्लखांबालाही तेंच लावतात.

त्यानंतर त्यांनीं एक अट घातली. वही ठेवावयाची, आणि ती त्यांनीं ठेवावयाची. दर आठवड्यास अर्धा किलो वाळू काढावी. कोंपर दुखलें त्या आठवड्यांत काढूं नये. लागोपाठ दोन आठवडे दुखलें तर एक किलो परत घालावी. पुतण्यानें मनांतल्या मनांत भागाकार केला आणि ओरडला, ‘‘म्हणजे चाळीस आठवडे!’’ अण्णा म्हणाले, ‘‘गुरुजींचा हात केव्हां काढावा हें गुरुजींस कळत असे. पिशवीस कळत नाहीं. तिच्यासाठीं वही.’’ आम्हांस वाटतें, या सबंध विषयांत याहून मोलाचें वाक्य कोणत्याही तज्ज्ञानें लिहिलें नसेल. सामग्री विकणारे आधार कसा घ्यावा हें सविस्तर सांगतात. तो कसा सोडावा याविषयीं ते दोन ओळींपलीकडे जात नाहींत.

चाळीस आठवड्यांचे चाळीस झाले नाहींत. संक्रांतीच्या सुमारास कोंपर पुन्हां दुखलें आणि दोन किलो परत गेले. फेब्रुवारींत बारावीची परीक्षा; तेव्हां नुसतें देह तोलून धरणें चालूं ठेवलें. उन्हाळ्यांत लग्नासाठीं पाहुणे आले आणि कप्पीचा दोर कोणीतरी मांडवास नेला. वहींत हें सर्व आहे, दोराच्या चोरीसकट.

आणि एक गोष्ट वहींत मागल्या पानावर आहे. शिडीच्या दिवशींचा तो उजवा हात वैशाखांत सर्वांच्या ध्यानांत आला: अण्णा देवपूजेच्या वेळीं समईची वात वर सारावयास डावा हात वापरूं लागले. खांदा आखडला होता. मधुमेह असलेल्यांस ही व्याधि अधिक होते. बार्शीच्या डॉक्टरांनीं तपासून जे व्यायाम लिहून दिले त्यांत एक असा होता: वर कप्पी लावावी, दोराचें एक टोक दुखऱ्या हातांत, दुसरें चांगल्या हातांत, चांगल्या हातानें ओढून दुखरा हात सोसेल तितका वर न्यावा. चिठ्ठी वाचून पुतण्या कांहीं बोलला नाहीं. त्यानें संध्याकाळीं वाळूची पिशवी सोडवून ठेवली आणि दोराच्या दोन्ही टोकांस लांकडाच्या मुठी बांधल्या.

२०२४ च्या दिवाळींत आम्ही पुन्हां तेरखेड्यास गेलों. पिशवींत सहा किलो वाळू शिल्लक होती, आणि पुतण्याचा क्रूस तीन सेकंद टिकत होता. कोंपर दुखत नव्हतें. पडवीच्या भिंतीवर कोळशाच्या आडव्या रेघा एकावर एक ओढलेल्या होत्या. अण्णांचा हात कोठवर गेला, त्याच्या त्या खुणा. सर्वांत वरची रेघ त्यांच्या कपाळाच्या उंचीला होती, आणि तिच्याखालीं तारीख पुतण्याच्या अक्षरांत होती. पहांटे सहाला पडवी अण्णांची, साडेसहाला पुतण्याची, असा क्रम ठरला आहे. कप्पीला एरंडेल घालण्याची पाळी मात्र दोघांत कोणाची, हा वाद आम्ही निघालों तेव्हां चालूच होता.