बेसबॉल बघायला बसा, दुकानात आलेलं नवीन गिऱ्हाईक कळेल



मागच्या लाइव्हमध्ये तिघा-चौघांनी एकच प्रश्न विचारला. "ताई, रत्नागिरीत राहून बेसबॉल कसलं बघताय?" लाइव्हमध्ये घाईघाईत उत्तर दिलं, पण विषय धंद्याचा आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

एक प्रयोग करून बघा. बेसबॉलची एक मॅच लावा आणि पहिली पंधरा मिनिटं नेटवर काहीही न शोधता नुसती बघा. आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं, त्यामुळे वाटतं की बॅट-बॉलच आहे, कळेल की! आणि काहीच कळत नाही. चेंडू टप्पा न पडता थेट येतो. मागे गेलेला जो फटका आपण लेग ग्लान्स म्हणून वाखाणला असता, तो तिथे फाउल. नीट आत फटका बसला की बॅट टाकून पळायलाच लागतं, 'नको, थांब' म्हणायची सोय नाही. त्यात कहर म्हणजे बाहेर पडलेल्या चेंडूलासुद्धा 'बॉल' असंच म्हणतात. असे चार बॉल झाले की फलंदाज आरामात चालत पहिल्या बेसवर जातो. स्टेडियममधले सगळे एकदम ओरडतात आणि आपण बघत बसतो, की झालं काय?

त्या क्षणी जे वाटतं ना, ते लक्षात ठेवा. विचारायची लाज वाटते आणि चॅनल बदलावासा वाटतो. तुमच्या दुकानात पहिल्यांदा आलेल्या माणसाला अगदी हेच वाटत असतं.

माझं दुकान कोकणी मेव्याचं. गणपतीपुळ्याला निघालेलं कुटुंब आत येतं आणि समोर तीन लाल वस्तू दिसतात: आमसूल, आगळ आणि कोकम सरबत. आपल्याला फरक जन्मापासून माहीत असतो. त्यांना नसतो. आगळ सरबत समजून पाण्यात घातलं तर तोंड खारट होणार. विचारावं तर चार माणसांत अडाणी ठरण्याची भीती. मग ते काय करतात? "बघतो हं" म्हणतात आणि पाण्याची बाटली घेऊन जातात. भांडत नाहीत, तक्रार करत नाहीत, म्हणून गिऱ्हाईक गेलं हे आपल्याला कळतच नाही. आपला सीझन केवढा? आंबा सुरू झाल्यापासून जूनचा पाऊस लागेपर्यंत. त्यात अशी मुकाट्याने गेलेली गिऱ्हाइकं मोजली तर पोटात गोळा येईल.

आता अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांनी काय केलं ते बघा. 2022 मध्ये त्यांच्या मेजर लीगची नऊ इनिंगची मॅच सरासरी तीन तासांच्या वर चालायची. पिचर चेंडू हातात घेऊन विचार करतोय, फलंदाज हातमोजे घट्ट करतोय, नवीन माणूस जांभया देतोय. 2023 पासून त्यांनी घड्याळ लावलं. बेस रिकामे असतील तर 15 सेकंदांत चेंडू टाकायचा, बेसवर कोणी असेल तर 2023 मध्ये 20 सेकंदांत. बेसचा आकारही 15 इंचांवरून 18 इंच केला. जुन्या लोकांनी कुरकुर केली, ती करणारच! पण मॅच साधारण दोन तास चाळीस मिनिटांवर आली आणि त्या सीझनला मैदानावर आलेल्या प्रेक्षकांची संख्या 7 कोटींच्या पुढे गेली. तीन आउट, नऊ इनिंग, सगळं जिथल्या तिथे. फक्त नवीन माणसाला 'आता बघ, आता होणार' हे समजायला लागलं.

आपल्याकडे हेच कबड्डीत झालं. रत्नागिरीत मंडळामंडळांत कबड्डी खेळतात, आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. पण 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि जिने आयुष्यात चढाई बघितली नाही अशी शहरातली बाईसुद्धा स्क्रीनवरचे 30 सेकंद मोजायला लागली. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'डू ऑर डाय', एवढं कळलं तरी तिला मॅच पुरते.

जॉर्जियातल्या सव्हाना बनानाज या टीमची गोष्ट तर तुम्ही शोधून बघाच. जेसी आणि एमिली कोल या नवरा-बायकोने 2016 मध्ये ती सुरू केली. पैसे संपले, घर विकावं लागलं. आज त्यांच्या खेळात दोन तासांची मर्यादा आहे आणि प्रेक्षकाने फाउल चेंडू झेलला तर फलंदाज आउट! खेळाडू नाचतात ते मला व्यक्तिशः फार झेपत नाही. पण ज्याला नियम येत नाहीत त्याच्याही हातात काहीतरी दिलं, हे डोकं मानायला पाहिजे.

मी स्वतः फॅन कशी झाले? नियम पाठ करून नाही. एक टीम धरली, लॉस एंजेलिस डॉजर्स, आणि एक खेळाडू, शोहेई ओतानी. जपानचा हा माणूस पिचरही आहे आणि फलंदाजही. 2024 मध्ये कोपराच्या ऑपरेशनमुळे तो पिचिंग करत नव्हता, तरी त्याने 54 होमरन मारले आणि 59 बेस चोरले. एका सीझनमध्ये पन्नास-पन्नास त्याच्याआधी कोणालाच जमलं नव्हतं. त्यांच्या घरच्या मैदानावरची संध्याकाळची मॅच आपल्याकडे सकाळी पावणेआठच्या सुमारास सुरू होते, म्हणजे दुकान उघडायच्या आधी तीन-चार इनिंग होतात. सीझनला 162 मॅचेस, एखादी हुकली तर जीव जात नाही. 'इनफील्ड फ्लाय' हा नियम मला अजून धड सांगता येत नाही. अडलं कुठे?

दुकानातही मी तेवढंच केलं. सगळा माल समजावत बसत नाही. आगळाच्या बरणीपुढे पुठ्ठा लावला: 'खारट. सोलकढीसाठी.' सरबतापुढे: 'गोड. पाण्यात घालून प्या.' बाजूला चवीला छोटे ग्लास. आता माणसं आपणहून विचारतात, "सोलकढी करायची कशी हो?" तिथून पुढे बोलायला मला आवडतंच.

या आठवड्यात तुमच्या धंद्यातलं ओ की ठो कळत नाही असं एक माणूस दुकानात आणा. मेहुणा, भाची, कोणीही चालेल. पंधरा मिनिटं त्याला एकटं सोडा. स्वतः काही बोलू नका, हे सगळ्यात अवघड आहे! तो कुठे थबकतो, कुठली वस्तू उचलून परत ठेवतो, ते वहीत लिहा. मेहुणा असेल तर नंतर चहा पाजायला विसरू नका.